मामाजी आणि मी स्वच्छ केलेला तलाव

माझ्या बायकोच्या मामांइतका तलावात गुंतलेला माणूस साऱ्या झाडीपट्टीत दुसरा सापडायचा नाही. आरमोरीपासून थोडं आत आमचं गाव. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि मामाजी गावच्या तलावात मासे धरतात. निदान लोकांची तशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते दिवसभर तलावाची विचारपूस करत फिरतात आणि मासे धरायचं बहुतेक वेळा विसरतात. "कसे आहात मामाजी?" म्हटलं तर "शिंगाडा यंदा उशिरा धरून राह्यला" असं उत्तर येतं. कुणाकडे पाहुणे गेले तर चहाच्या आधी त्या गावचा तलाव पाहून येतात आणि यजमानाला तोंडावर सांगतात, "तलाव बिमार आहे तुमचा." माझ्याच लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ आली आणि नवरीच्या पाठीशी उभा राहायचा मामाच गायब. अर्धा मांडव शोधायला निघाला. मामाजी सापडले तलावात, नव्या धोतरासकट गुडघाभर पाण्यात. एक मरळ आपल्या तांबूस पिल्लांच्या थव्याभोवती घिरट्या घालत होती आणि मामाजी बगळ्याची समजूत काढत होते. तसेच निथळत येऊन ते नवरीमागे उभे राहिले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बगळ्यालेही पोट आहे जवाईबापू, पण आजच्या दिवस त्यानं बेडकं खावे."

त्यांच्या लेखी तलावात फालतू असं काही नव्हतंच. पाणगवताला कुणी कचरा म्हटलं की ते चिडत. "कचरा नोहे तो, घर आहे. गवतात किडे, किड्यावर मासोळ्या, मासोळ्यावर पाणकावळा. पाणकावळ्यानं घाण केली का त्यावर पुन्हा गवत. यातल्या कोणाले म्हणाल तू जाय म्हणून?" हेच मी वर्गात बाण काढून शिकवत होतो. माझी आकृती मात्र फार सुबक यायची.

आणि मीच तो तलाव साफ करायचं मनावर घेतलं. स्वच्छ गावाच्या पाहणीसाठी साहेब येणार होते. दोन रविवार श्रमदान झालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून गवत, कमळाच्या वेली, पाण्यात आपोआप उगवणारं देवधान, सगळं उपटून बाहेर टाकलं. मामाजी पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभे होते. शेवटी खाली उतरून त्यांनी हात जोडले. "जवाईबापू, अर्धं तरी ठेवा."

"मामाजी, विज्ञान मी शिकवतो की तुम्ही?" मी म्हणालो. लोक हसले. मीही हसलो. ते हसू आजही आठवलं की कान तापतात.

तलाव आरशासारखा झाला. फोटो निघाले. पुढच्या उन्हाळ्यात मात्र पाणी हिरवं झालं आणि वास मारू लागलं. अंडी घालायला जागाच नव्हती, मग बारीक मासळी कुठून येणार? कमळपक्षी निघून गेले. लाटांना अडवायला काही उरलं नाही, तशी पाळीची मातीही ढासळू लागली. मासळीवर घर चालवणाऱ्या बाया रिकाम्या टोपल्या घेऊन माझ्या दारावरून जायच्या आणि मी पेपर तोंडासमोर धरायचो. कुणी विचारलं तर पाऊस कमी झाला म्हणायचो. मासेमारांच्या बैठकीत एकीनं सरळ विचारलं, "गवत कोणं काढलं होतं?" मी मोबाइलमध्ये पाहू लागलो. मामाजी म्हणाले, "सगळ्याइनच काढलं बाई. आता लावाचं पाहू." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर मामाजींचा नवा उद्योग सुरू झाला. सिंदेवाहीकडच्या तलावांतून ओलं पाणगवत पोत्यात भरून ते एसटीनं आणू लागले. पोतं गाडीभर गळायचं, कंडक्टर ओरडायचा, आणि मामाजी त्यालाच सांगायचे, "हळू चालवाले सांगा, आत जीव आहेत." गाडीतले लोक साप समजून पाय वर घ्यायचे.

एका सकाळी मी पँट दुमडून त्यांच्यामागे पाण्यात उतरलो. गाळात मुळं रोवताना मी कसाबसा म्हणालो, "मामाजी, हे माझ्यामुळं झालं. त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर..." मी बाहीनं डोळे पुसले.

त्यांनी माझ्या हातातल्या मुळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाण्यात उभं राहून रडू नका जवाईबापू, पाय घसरते. आन् ते मूळ उलटं लावून राह्यले तुमी."

पुढच्या बैठकीत मी उभा राहून, गवत काढायचं मीच ठरवलं होतं, हे सांगितलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता तलावाच्या एका कोपऱ्यात अंगणाएवढं गवत धरलं आहे. मामाजींचे गुडघे दुखतात, पाण्यात फार वेळ उभं राहवत नाही. सारा तलाव भरायला किती वर्षं लागतील, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्या वयाचा अंदाज घेतल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमाले दिसन."