मी कापलेले हुंकार

राग मला आधी स्वतःचा येतो, मग बाकीच्यांचा. २०१६ची गोष्ट. तेव्हा मी न्यूझीलंडमध्ये पापाकुराला राहायचे आणि शनिवारी एका वारसा-प्रकल्पात फुकट काम करायचे. बाहेरून इथे आलेल्या कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्या, असं ते काम. माझ्या शेजारी झिम्बाब्वेची एक नर्स राहायची. तिची आई ऐंशीच्या पुढची. आपल्या घराण्याची गोष्ट नातीला पुढेही ऐकता यावी, एवढीच म्हातारीची इच्छा होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मी करते ना!"

म्हातारी शोना भाषेत बोलायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गोऱ्यांनी जमीन घेतली तेव्हा तिची आई दळायचा दगड डोक्यावर घेऊन चालत निघाली, ती हकिगत आहे, एवढं नर्सने सांगितलं होतं. नात नऊ वर्षांची. एरवी आजीने काहीही विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची, आपल्या इथल्या पोरांसारखीच. पण गोष्ट सुरू झाली की ती आजीच्या पायाशी बसायची आणि प्रत्येक वाक्यानंतर एकच शब्द म्हणायची, "झेपफुंदे." तो शब्द येईपर्यंत आजी थांबायची, मग पुढे जायची.

प्रकल्पात आम्हाला शिकवायला एक गोरा गृहस्थ होता. त्याचा नियम असा, की एका फाइलमध्ये एकच आवाज हवा. खोकला, मधली बडबड, शांतता, सगळं काढायचं. फाइल क्लीन हवी. का, हे मी विचारलंच नाही. मी आयटीतली, मला हात चालवायची हौस. लॅपटॉपवर आजीच्या आवाजाच्या मोठ्या लाटेनंतर दर वेळी एक बारीक उंचवटा दिसायचा, तो नातीचा. मी ते एकेक करून उडवले. मधल्या रिकाम्या जागाही मिटवून टाकल्या. गृहस्थाने ऐकलं आणि म्हणाला, "स्वीट ॲज! हीप्स बेटर." इथल्या बोलीतली ही शाबासकी ऐकून मी फुगले. जागा पुरत नाही म्हणून त्याने त्याच्याकडची मूळ फाइल पुसली, आणि माझ्याकडची मी.

आणि मी कोण, तर सांगलीची! आमचे बाबा गोष्ट सांगायचे तेव्हा "हं" आला नाही की गोष्ट जागच्या जागी अडायची. "ऐकतेस ना गं? मग हुंकार दे की." राक्षस दाराशी ताटकळत उभा, पण मी हं म्हटल्याशिवाय त्याची आत यायची टाप नव्हती. लहानपणभर हुंकार देत वाढलेल्या बाईला, ती पोर हुंकार देतेय हे ओळखायला शोना कशाला यायला हवी होती? नियम ऐकला आणि अक्कल गहाण टाकली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

म्हातारी त्या हिवाळ्यात गेली. अंत्यविधीनंतर नर्सच्या घरी तिची माणसं जमली होती. नर्स मला म्हणाली, "आईचं रेकॉर्डिंग लाव." मी लावलं. मिनिटभरात तिच्या कपाळावर आठ्या आल्या.

"माझ्या मुलीचा आवाज कुठे आहे?"

"काढावा लागला. नियम होता."

"कुणाचा नियम?"

ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "आमच्यात गोष्ट एकट्याने सांगत नाहीत," ती म्हणाली. "तू माझ्या आईला भिंतीशी बोलणारी वेडी करून ठेवलंस."

खोटं काय होतं त्यात? मूळ फाइल तरी दे, असं ती म्हणाली. ती नाही, हेही मलाच सांगावं लागलं.

तेवढ्यात नात लॅपटॉपपाशी येऊन मांडी घालून बसली. आजीचं एक वाक्य संपलं. नात म्हणाली, "झेपफुंदे." पण आजी कधीच पुढच्या वाक्यात शिरली होती. नातीने पुन्हा म्हटलं, या वेळी घाईने. आजी त्याच्याही पुढे. पोरीने दोन-तीनदा तो शब्द मध्ये कोंबून पाहिला, मग माझ्याकडे वळली.

"आंटी, ती माझ्यासाठी थांबतच नाहीये."