दोरीवरचे कपडे

आमच्या घरी कपडे वाळत घातले की ते वाळून आत येईपर्यंत कुणीतरी घरात थांबायचं, असा नियम आहे. तो मी केलेला नाही. आमच्या ह्यांनी केलाय, आणि तोही कारण कधी न सांगता. मी चादरी दोरीवर टाकून बाजाराची पिशवी उचलली की हे दारात उभे.

"कपडे काढून जा."

"अहो, ओले आहेत."

"मग वाळल्यावर जा."

सुरुवातीला मला वाटायचं, फौजेतून आलेल्या माणसाचं एखादं खूळ असतंच. कुणाला बुटात तोंड दिसेल इतकी चकाकी लागते, कुणाला पहाटे उठून सगळ्या गल्लीची झोपमोड करायची असते. आमच्या वाट्याला दोरी आली. गल्लीतल्या बायका ह्यांना पाठीमागे 'दोरीवाले' म्हणतात. समोरची शिंपीण तर एकदा तोंडावरच म्हणाली, "तुमच्याकडे चोर आला तर बिचारा हात हलवत जाईल हो!" मी हसले. हे उठून आत गेले.

फौजेत ह्यांचं नाव वेगळंच होतं. टाकी. पलटण कुठेही जावो, पाणी ह्यांच्याकडे. पंप, पाइप, गाळणी, टाकी आणि धुण्याची जागा, सगळं ह्यांच्या ताब्यात. स्वभाव असा की पाण्याचा थेंब वाया गेला तर अंगातलं रक्त गेल्यासारखं तोंड करायचे. घरी मात्र नळाचा वायसर गळत असेल तर मलाच चार वेळा सांगावं लागायचं.

आमचं लग्न जुळवलं ते ह्यांच्याच पलटणीतल्या सुभेदारसाहेबांनी. ते माझ्या वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. मी त्यांना काका म्हणते. "पोरगा बोलत नाही फारसा, पण खोटं बोलत नाही," असं त्यांनी वडिलांना सांगितलं आणि तेवढ्यावर माझं ठरलं. लग्नाला आठ वर्षं झाली तेव्हा शांतिसेनेत जायचा हुकूम आला. परदेशातलं ठाणं, काकांसकट बत्तीस माणसं, आणि सगळ्यांच्या वर काकाच. मी म्हटलं, चला, घरचंच माणूस वर आहे, काळजी मिटली.

आठवड्यातून एकदा फोन यायचा.

"काय करता दिवसभर?" मी विचारायची.

"पाणी भरतो आणि कपडे वाळत घालतो."

"मग एवढ्या लांब कशाला गेलात? इथेही ढीग पडलाय."

पण खरंच दिवस तसाच जायचा. पहाटे साडेचारला उठून पंप सुरू करायचा. तो खोकत खोकत चालू झाला की टाकी भरेपर्यंत दाढी. मग निळं हेल्मेट आणि छातीवर दगड बांधल्यासारखं ते जड जाकीट चढवून दोन तास पहाऱ्यावर. ठाणं टेकडीवर होतं. खाली गाव, शाळा, आणि गावाच्या कडेला नदीवरचा पूल. गावावर टपून बसलेले बंदूकवाले मागच्या डोंगरात होते आणि पुलापलीकडे त्यांचं काही चालत नव्हतं. ठाणं होतं म्हणून ते खाली उतरत नव्हते. बाकी ह्यांच्या हातातही बंदूक होती, पण समोरून गोळी आल्याशिवाय ती झाडायची नाही, असा नियम. काम काय, तर पुलावरून कोण गेलं ते वहीत लिहिणं. तीन सायकली, एक हातगाडी, एक म्हातारी, एक शेळी. ह्यांनी एकदा शेळीचा रंगही लिहिला. काकांनी वही पाहून विचारलं, "टाकी, हिचंही लग्न जुळवायचंय का?" महिनाभर पलटण हसत होती.

दुपारी पाण्याचा टँकर घेऊन गावात फेरी. संध्याकाळी जाळी बांधून व्हॉलीबॉल, आणि शेवटी वहीत दोन शब्द: सर्व शांत. दहा महिने रोज तेच.

पुढचं मला फार उशिरा कळलं. पण जसं घडलं तसंच सांगते.

खालच्या शाळेचा मास्तर सकाळी शाळा भरण्याआधी ठाण्यावर दुभाष्याचं काम करायचा. गावातलं भांडण असो, कुणाचं दुखणं असो, मध्ये बोलायला मास्तर. आपली भाषाही तो मोडकीतोडकी शिकला होता. 'बरं का' हे दोन शब्द त्याला इतके आवडले की प्रत्येक वाक्यामागे चिकटवायचा. घरी बायको नव्हती. बारा वर्षांची मुलगी आणि चालता न येणारी म्हातारी आई. फौजेबरोबर काम केलं म्हणून डोंगरातल्या लोकांच्या यादीत त्याचं नाव पहिलं असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एक दिवस हे कपडे वाळत घालत असताना तो शेजारी येऊन उभा राहिला. ठाण्याची दोरी टेकडीच्या उतारावर होती, सगळ्या गावाला दिसायची.

"तुम्ही लोक कधीतरी जाणार, बरं का," मास्तर म्हणाला. "मला फक्त एक दिवस आधी सांगा. घर आवरून, आईला हातगाडीवर घालून पूल ओलांडायला एक दिवस लागतो. जास्त काही नको."

"सांगेन," हे म्हणाले. "शब्द देतो."

मास्तर तरी उभाच. तेव्हा ह्यांनी त्याला हसवायला म्हटलं, "अहो, ही दोरी बघत जा. फौजी माणूस एकवेळ बंदूक विसरेल, पण ओले कपडे टाकून जाणार नाही. दोरीवर कपडे दिसले की समजा, आम्ही आहोत."

ते मास्तरने मनावर घेतलं. रोज शाळेच्या खिडकीतून दोरी बघायचा आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगायचा, "काल नऊ शर्ट, चार चादरी, बरं का." ह्यांना मोठी गंमत वाटली. संध्याकाळी चहा पिताना ती त्यांनी काकांना सांगितली. काकाही हसले. "मास्तर हुशार आहे," म्हणाले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी काकांनी सकाळीच सगळ्यांना रांगेत उभं केलं. आज पूर्ण धुणं. शर्ट, पँटी, चादरी, उशांचे अभ्रे, काही ठेवायचं नाही. उद्या वरचे साहेब तपासणीला येणार. पाणी सोडायचा हुकूम मिळाल्यावर टाकीला काय, आनंदच. दहा वाजेपर्यंत एकतीस जणांचे कपडे दोरीवर गेले. दोरी पुरेना म्हणून व्हॉलीबॉलची जाळीही भरली. मग दुसरा हुकूम. सगळ्यांनी गाड्यांत बसा, मुख्य तळावर लसी टोचून घ्यायच्या आहेत, संध्याकाळी परत. फक्त हत्यारं आणि पाण्याची बाटली घ्या.

गाड्या फाटकाशी आल्या तेव्हा मास्तर खालून धावत वर येत होता. काका ह्यांना म्हणाले, "टाकी, जा, तुझ्या मास्तरला सांगून ये. उगाच घाबरेल."

हे उतरले. मास्तरला धाप लागली होती. "सगळेच?" त्याने विचारलं.

"लसी टोचायला. संध्याकाळी परत." ह्यांनी दोरीकडे बोट दाखवलं. "बघा ना, सगळं इथेच आहे."

मास्तरने दोरीकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचा ताण गेला. "बरं का," एवढंच म्हणाला आणि शाळेत परत गेला. मुलं वर्गात बसली होती.

मुख्य तळाचं वळण आलं आणि गेलं. गाड्या सरळ धावपट्टीवर गेल्या. तिथे विमान उभं होतं. काकांच्या गाडीतून ताडपत्रीखालची त्यांची पेटी उतरली, कुलूप लावलेली, व्यवस्थित भरलेली. हे धावत त्यांच्याकडे गेले. म्हणाले, मला एक गाडी द्या, एक तासात येतो. काका म्हणाले, "टाकी, रांगेत उभा राहा." आणि हे रांगेत उभे राहिले. फौजेतला माणूस आणखी काय करणार, असं मी स्वतःला किती वेळा समजावलंय. समजूत पटत नाही.

सगळे सुखरूप परतले. एकालाही ओरखडा न येऊ देता ठाणं हलवलं म्हणून काकांचा सत्कार झाला. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मला कुठे काय ठाऊक होतं! पुढे दोघेही निवृत्त झाले. काका दोन गल्ल्या सोडून राहायला आले आणि दर रविवारी आमच्याकडे चहाला यायला लागले. त्यांची खुर्ची ठरलेली, कपही ठरलेला. हे त्यांच्यासमोर बसायचे, 'हो' आणि 'नाही' म्हणायचे. मला वाटायचं, स्वभावच असा. तीन वर्षं मी त्या माणसाला आग्रह करकरून चहा पाजला, याचा मला आजही राग येतो. काकांचा, ह्यांचा आणि माझाही.

मग पार्सल आलं. पलटणीच्या पत्त्यावरून फिरत फिरत, कागद पार चोळामोळा झालेला. आत वर्दीचा शर्ट होता, सुरेख घडी घातलेला, खिशावर ह्यांचं नाव आणि नंबर. सोबत मोडक्या इंग्रजीतलं पत्र. हे एकेक शब्द लावत वाचायला लागले आणि मध्येच थांबले. मग पहिल्यापासून, मला सांगत सांगत वाचलं. तेव्हाच मला वरचं सगळं कळलं.

पत्र मास्तरच्या मुलीचं होतं. तिने लिहिलं होतं:

'त्या संध्याकाळी तुम्ही आला नाहीत. शेजारी सामान बांधू लागले. बाबा म्हणाले, कपडे आहेत, ते येतील. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. बाबा म्हणाले, त्यांचे कपडे भिजतील, आणि टेकडीवर गेले. एकदा कवेत मावतील तेवढे कपडे घरी आणून टाकले आणि उरलेले आणायला परत गेले. तेवढ्यात डोंगरातली माणसं आली. बाबांना तिथेच, दोरीपाशी मारलं. आजीला आणि मला शेजाऱ्यांनी पुलापलीकडे नेलं. आणलेल्या कपड्यांत तुमचा शर्ट होता. तुमचं नाव बाबा रोज घ्यायचे, म्हणून तो मी ठेवला. आता मी मोठी झाले आहे. मला एवढंच विचारायचं आहे. तुम्हाला ठाऊक होतं का?'

रविवारी काका आले. नेहमीच्या खुर्चीत बसले. मी चहा दिला. ह्यांनी शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पत्र वाचून दाखवलं. चहावर साय धरली.

"तुम्ही एक ओळ लिहून द्या," हे म्हणाले. "टाकीला ठाऊक नव्हतं. बस. खाली तुमची सही."

काकांनी शर्ट उचलून टेबलावर ठेवला. "हुकूम वरून होता. कुणालाही सांगायचं नाही. तुला सांगितलं असतं तर तू मास्तरला सांगितलं असतंस की नाही?"

"सांगितलं असतं."

"मग! गावाला कळलं असतं तर लोक गाड्यांपुढे आडवे पडले असते. डोंगरातल्यांना कळलं असतं तर रस्त्यात गाठलं असतं. एकतीस पोरं मी घरी आणली. ही पोर आज तुझ्या घरात चहा करतेय, ती कशामुळे?"

"काका, माझ्या नावावर बिल फाडू नका," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी असं बोलले.

हे काकांकडे वळले. "निघायचा हुकूम वरून होता. कपडे वाळत घालायचा?"

काकांनी कप बाजूला सारला. "तो माझा."

"आणि मास्तरला सांगून ये, तो?"

"तोही. तुझ्या तोंडून ऐकलं तरच त्याचा विश्वास बसणार होता. तू खोटं बोलत नाहीस, हे त्याला माहीत होतं."

"तुम्हाला मी ते हसत हसत सांगितलं होतं, साहेब. चहा पिताना."

"लिहून मी काही देणार नाही," काका उठत म्हणाले. "पोरीला काय लिहायचं ते तू लिही."

दारात चपला घालताना ते सवयीने म्हणाले, "येतो गं." 'येतो' म्हणणाऱ्याला 'या' म्हणायचं असतं. मी म्हणाले नाही. त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि गेले. त्यानंतर ते आलेले नाहीत.

हे टेबलाशी लिहायला बसले. बराच वेळ लागला. मी डोकावून पाहिलं, तर कागदावर एकच ओळ होती: मला ठाऊक नव्हतं.

"झालं की," मी म्हणाले. "खरं तेच लिहिलंत. घाला पाकिटात."

"आम्ही बत्तीस जण होतो," हे म्हणाले.

"हो, मग?"

"दोरीवर एकतीस जणांचे कपडे होते. मीच घातले ना. साहेबांचा साधा रुमालही नव्हता. मला तेव्हाच दिसलं होतं."

मी पाकीट बाजूला ठेवलं.

"विचारायला हवं होतं," हे म्हणाले आणि पहिल्या ओळीखाली दुसरी लिहिली: मी विचारलं नाही. मग सही केली.

पत्र टाकून आले तेव्हा मी धुणं भिजवत होते. टेबलावर शर्ट तसाच होता, मास्तरच्या मुलीने घातलेल्या घडीत. इतकी वर्षं कपाटात राहिल्याचा वास त्याला येत होता. मी विचारलं, "हाही धुवून टाकू का?"

"नको," हे म्हणाले. "तो वाळलेला आहे."