नव्या पान्यांचं कुंकू

गोरेगावात जीपा थांबतात तिथं समोरच निलमनं पेरणीच्या सुमारास दुकान टाकलं. वर पाटी लावली, 'निलम डिझेल वर्क्स'. तांड्यावरच्या गुलाबचंद राठोडाची ही धाकटी लेक हिंगोलीला आयटीआय करून डिझेल मेकॅनिक झाली होती. आता गिऱ्हाइकांची रीघ लागली म्हणता? छ्या! लोक यायचे, बाकावर टेकायचे, मोबाइल चार्जिंगला लावायचे आणि विचारायचे, "मिस्त्री कुठं गेला?"

"मीच हाय."

"ते झालं. पर मिस्त्री कवा येईल?"

शेवटी गुलाबचंदनं सांगून टाकलं, "दिवाळीपस्तोर वाट बघू. कोनी न्हाई आलं, तर शटर वढू आन् स्थळं पाहू." निलमनं मान डोलावली, कारण बाकावर बसलेल्यांना गिऱ्हाईक म्हणायची सोय नव्हती.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कुणी हलवत नाही. गुलाबचंदनं दुकानात पाट मांडला, त्यावर निलमचे पाने रांगेनं ठेवले, हळदीकुंकू वाहिलं. कुंकू काही ठरेना. पाने इतके कोरे की चिमूट टाकली की घसरून पाटावर. "नवे हायेत," असं पुटपुटून त्यानं परत वाहिलं. परत घसरलं.

दुपारी उत्तमराव मोटारसायकल दामटत आले. मोठे शेतकरी. सोयाबीनची गंजी उघडी पडलेली, आभाळ भरून आलेलं आणि मळणी यंत्र जाम. बाकीच्या सगळ्या मिस्त्र्यांची हत्यारं पूजेत, कुणी हात लावायला तयार नाही. म्हणून इथं आलो, असं त्यांनी तोंडावर सांगितलंही.

निलमनं पाटाकडं पाहिलं, मग बापाकडं. आपल्या हातानं पूजा मोडायची तिची छाती होईना. एवढ्या दिवसांनी पहिलं गिऱ्हाईक दारात उभं, आणि पाने पूजेत! तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

गुलाबचंद उठला. पाटाला हात जोडून "माफ कर, माय" म्हणाला आणि एकेक पाना उचलून पिशवीत भरला.

"काहून बघून राहिली? चल."

शेतात उत्तमराव बांधाच्या धुऱ्यावर बसले, ते चोर पकडायला बसल्यासारखे तिच्या हातांवर नजर ठेवून. निलमनं बेअरिंग खोललं, आत गुंडाळलेलं काड उपसलं, डिझेलनं धुतलं, ग्रीस भरलं. यंत्र धडधडत सुरू झालं. उत्तमरावांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही.

"परवा ट्रॅक्टर घेऊन येतो," ते म्हणाले. "मिस्त्री असंल ना दुकानात?"

"असंल, काका," निलम म्हणाली.

दिवेलागणीला पाने पुन्हा पाटावर आले. पुसावेत म्हणून निलमनं फडकं घेतलं, तर गुलाबचंदनं ते काढून घेतलं. ग्रीसनं काळ्या झालेल्या पान्यांवर त्यानं कुंकवाची चिमूट सोडली. ती जिथं पडली तिथंच राहिली.

"आता बसलं," तो म्हणाला, आणि उरलेलं कुंकू उठून शटरला लावून आला. निलमचं दुपारपासून अडलेलं रडू तेव्हा फुटलं.