फुकट्याचं हाफ तिकीट

जगातला प्रत्येक जीव कुठल्या ना कुठल्या एसटीत बसलेला आहे आणि त्याचं तिकीट फाडण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. कंडक्टरकीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण खांद्यावरची बॅग उतरली तरी अंगातला कंडक्टर काही उतरला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी जरा थबकला की हे मागून गरजतात, "पुढं सरका की ओ, मागं माणसं उबी हायेत!" जेवण झालं की ताटाच्या कडेवर दोनदा टकटक करतात, ही डबल बेल झाल्याशिवाय त्यांच्या घरात कुणी पानावरून उठत नाही. माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्यात वाकून त्यांनी दिलेला आशीर्वाद असा होता, "पाच वर्सं फुकट, मग हाफ." मुलगी आता कॉलेजात जाते, तरी ती दिसली की 'तुजं फुल लागलं का गं आता?' असं विचारायला ते विसरत नाहीत.

अशा माणसाच्या नोकरीच्या शेवटच्या फेरीत टेंभुर्णीच्या स्टँडवर एक कुत्र्याचं पिल्लू गाडीत चढलं आणि मागच्या बाकाखाली निवांत झोपून सोलापूरला उतरलं. साऱ्या नोकरीत बिनतिकिटाचा एकही प्रवासी हातून सुटला नव्हता, आणि निरोपाच्या दिवशी हा असा डाग लागला. साडूंनी त्याला बखोटीला मारलं आणि जुळे सोलापुरातल्या आपल्या घरी आणलं. "तिकीट काडलं न्हाय, जाईल कुटं? जल्मभर राकण करून फेडंल," असं त्यांनी दारातच जाहीर केलं आणि त्याचं नाव ठेवलं फुकट्या. माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अक्का, तेव्हा म्हणाल्या होत्या, "ह्या घरात एक तर ते ऱ्हाईल, न्हायतर मी." दोघंही राहिले. मात्र अक्कांनी त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. त्याला काही सांगायचं झालं तर ते नवऱ्यामार्फत जायचं. "तुमच्या त्या पावण्याला सांगा, दारातनं उट म्हनावं." साडू सांगायचे, पाहुणा उठायचा, आणि अक्का त्याच्याकडे न बघता पुढं जायच्या.

हा पाहुणा म्हातारा झाला आणि खोकायला लागला. जिन्याच्या मध्येच बसून धापा टाकायचा. साडूंनी पहिला उपाय म्हणून त्याला स्वतःच्या खोकल्याचं औषध पाजायला घेतलं. "औषदाला काय कळतंय ओ, पोट मानसाचं का कुत्र्याचं?" हा त्यांचा सिद्धांत. नशीब एवढंच की फुकट्याला तो पटला नाही आणि त्यानं ते सगळं अक्कांच्या नव्या चादरीवर ओकून टाकलं. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की हृदय मोठं झालंय, बरं होणार नाही, पण रोज गोळी दिली तर बरे दिवस निघतील. आणि ही गोळी माणसांच्या मेडिकलमध्ये मिळेल, कारण प्रेशरच्या माणसांना देतात तीच कुत्र्यालाही लागू पडते. हे ऐकून साडूंची छाती अशी फुगली की जणू हा शोध त्यांनीच लावला होता. मेडिकलवाल्यानं वय विचारलं. "नऊ," साडू म्हणाले. "नऊ वर्षांच्या पोराला प्रेशरची गोळी?" तो हबकला. "पोरगं न्हाय ओ, कुत्रं हाय." त्यानं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि पेशंटचं पूर्ण नाव विचारलं. "फुकट्या. आडनाव आमचंच लावा की," साडू म्हणाले. मी जरा बाजूला सरकून टूथपेस्टचे भाव वाचत उभा राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी पाव गोळी लिहून दिली होती. इथंच घोटाळा झाला. साडूंच्या आयुष्यात फुल असतं आणि हाफ असतं, पाव नावाचं तिकीट कुठल्याच गाडीत नसतं. त्यात फुकट्याचं वय नऊ, म्हणजे बाराच्या आतलं, म्हणजे सरळ सरळ हाफ. बाईंच्या लिहिण्यात चूक झाली असेल असं उदार मनानं समजून त्यांनी अडकित्त्यानं गोळीचे दोन तुकडे केले आणि रोज अर्धी चालू केली. काही दिवसांतच फुकट्या उठता उठता कोसळला, डोळे पांढरे. साडूंनी त्याला चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं. मी सोबत होतो. रस्ताभर ते एकच घोकत होते, "उतरू नगंस बे, तुजा स्टॉप आला न्हाय आजून." बाईंनी सलाईन लावलं, आणि तो सावरल्यावर साडूंना असं फैलावर घेतलं की तसं कुठल्या चेकरनंही कधी घेतलं नसेल. "मामा, माणसाचं औषध जनावराला देता येतं, पण माझ्या हिशेबानं, तुमच्या नाही. हे वजनावर असतं. तुम्ही गाडीत लगेज कसं घ्यायचा?" "वजनावर," साडू खाली मान घालून म्हणाले. "मग हे लगेज समजा." ते त्यांना लगेच समजलं. बाहेर येऊन त्यांनी फुकट्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि भर रस्त्यात ढसाढसा रडले. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

पुढचा धक्का अक्कांनी दिला. गोळ्यांची पट्टी हातात घेऊन त्या आत गेल्या आणि कपाटातून तशीच एक पट्टी घेऊन आल्या. तीच गोळी. साडूंच्या डॉक्टरांनी कधीतरी त्यांना लिहून दिलेली, 'एक दिवस चुकवू नका' असं बजावून दिलेली, आणि एकही न खाल्लेली. 'मला काय धाड भरलीया' म्हणून हा गृहस्थ प्रेशर घेऊन खुशाल हिंडत होता. त्या दिवशीही हिंडला असता, पण फुकट्यानं अडवलं. तो गोळी घेईना. भाकरीत दडवली तर भाकरी खाऊन गोळी तेवढी फरशीवर काढून ठेवायचा. शेवटी वैतागून साडूंनी आपली गोळी त्याच्यादेखत तोंडात टाकली, तेव्हा त्यानंही गिळली. झालं, तेव्हापासून तो रिवाजच पडला. सकाळी दोघं पायरीवर बसायचे, आधी साडू, मग फुकट्या. "आ कर बघू," म्हणत साडू त्याचा जबडा तपासायचे आणि पायरीवर टकटक करायचे, की दिवसाची गाडी सुटली. बाईंनी फुकट्याचं मीठ बंद केलं, तर साडूंनी त्याच्यासमोर शेंगाचटणी खाणं सोडलं. अक्कांनी जे आयुष्यभर घसा फोडून सांगितलं, ते एका मुक्या जनावरानं नुसतं समोर बसून करून घेतलं. अक्का याचा राग राग करायच्या. त्यांची स्वतःची साखरेची गोळी मात्र कडू लागते म्हणून देवघराच्या फळीवर धूळ खात पडलेली असायची, हे त्या सोयीस्करपणे विसरायच्या.

फुकट्या बाईंनी सांगितल्यापेक्षा बराच जास्त जगला आणि गेल्या हिवाळ्यात पायरीवरच, उन्हात झोपल्या झोपल्या गेला. साडूंनी गोळी बंद केली. भांडून नाही, चिडून नाही, नुसती घेईनात. सकाळी पायरीवर बसायचे आणि रिकामेच उठायचे. पाय सुजले, डोकं गरगरायला लागलं. डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर हा माणूस फार दिवसांचा नाही. अक्कांनी मला बोलावून घेतलं, कारण साडूचं साडू ऐकतो असा त्यांचा एक भाबडा समज आहे. मी पायरीवर बसून जे काय बोलायचं ते बोललो. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकट्याला घशाखाली उतरंना ओ, साडूभाऊ." मी उठून उभा राहिलो.

तेवढ्यात अक्का आतून आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात दोन गोळ्या. गुडघ्यांवर हात टेकत कशाबशा पायरीवर बसल्या.

"ही तुमची, ही माजी," त्या म्हणाल्या. "आदी तुमी."

साडू त्यांच्या तळहाताकडे बघत राहिले. "तुज्यानं व्हायचं न्हाय. लई कडू हाय म्हनतीस की."

"फुकट्याला जमलं," अक्का म्हणाल्या, "मला जमंना व्हय?"

ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. साडूंनीही बहुधा पहिल्यांदाच. त्यांनी मान दुसरीकडे वळवली, धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं, मग गोळी तोंडात टाकली आणि तांब्यातलं पाणी घटाघटा प्याले. पाठोपाठ अक्कांनी डोळे घट्ट मिटून आपली गिळली.

"आ कर बघू," साडू म्हणाले.

आणि माझ्यासारखा धाकट्या बहिणीचा नवरा समोर उभा असताना अक्कांनी आ केला. साडूंनी वाकून नीट बघितलं आणि पायरीवर दोनदा टकटक केलं. मी चपला घालून निघालो, तेव्हा दोघं तिथंच उन्हात बसले होते, मध्ये एका कुत्र्यापुरती जागा सोडून.