बादलीतलं पाणी

माझी वहिनी लाँड्रीत इस्त्री करायची. उभा जन्म त्यातच गेला. गरम इस्त्री कॉलरवर टेकली की वास वर यायचा, आणि कपडा कुणाचा हे ती चिठ्ठी न बघता सांगायची. मालक म्हणत, "हिच्यापुढे नवऱ्यांनी जपून राहावं."

दादा गेला तेव्हा त्याचा एक सदरा तिने न धुता ठेवला. यंत्राचं तेल, तंबाखू, घाम. दार लावून ती तो हुंगायची. पुढे घरात सून आली. तिने दादाला पाहिलेलं नव्हतं. भल्या मनाने तिने तो मळका सदरा साबणाने चोळून काढला.

मी पोचलो तेव्हा वहिनी बादली धरून बसली होती.

"पाणी ओतू देणार नाही. ते यात आहेत."

"काका, मला काय माहीत हो!" सून रडवेली झाली होती.

तेलाचा डाग पाण्याला दाद देत नाही, तेलालाच धरतो, हे वहिनीला कामातून ठाऊक होतं. म्हणून वास तेलात उतरावा यासाठी तिने बादलीतलं थोडं पाणी बरणीत घेऊन वर गोडेतेल ओतलं होतं आणि गदागदा हलवलं होतं. साबणामुळे सगळं पांढरंफटक झालेलं.

"ताक करताय का वहिनी?"

मी तेलगिरणीत टाकीवर कामाला होतो; तेल आणि पाणी वेगळं करणं रोजचंच. बरणीत मीठ टाकलं, बरणी कोमट पाण्यात ठेवली. अधूनमधून आडवी करून हळू लोळवली. हात भरून आले. मग थांबलो. थांबणं हेही कामच. तेच लोकांना जमत नाही.

संध्याकाळी तेल वर आलं. मध्ये साबणाची साय, खाली पाणी. तेल पळीने काढून बाटलीत भरलं.

वहिनीने हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"तेच आहेत. पण बामही आहे."

शेवटच्या आजारात तीच तो त्याच्या छातीला चोळायची.

"तेल निवडून घेत नाही, वहिनी."

"बूच लावा. घट्ट."

बूच लावून वर मेण ओतलं. बाटली कपाटात गेली.

काही दिवसांनी गेलो. सून दारातच कुजबुजली, "काका, आत आई एकट्याच आहेत. पण तंबाखूचा वास येतोय. बामाचाही. कोण येऊन गेलं?"

मी बाटली काढून पाहिली. मेणाला चीर नव्हती. तेल होतं तेवढंच.

वहिनी धुतलेला सदरा मांडीवर घेऊन बसली होती. इस्त्री थंड.

"वास येतोय ना, भावोजी?"

"येतोय."

"मग दार लोटून घ्या. नाहीतर ते बाहेर जातील."