गाऱ्हाण्यात गेलेली बस

त्या वर्षी मी दोन डगरींवर हात ठेवला होता. रोज मेस्त्रींबरोबर घरांच्या वायरिंगची कामं, आणि आठवड्यातून दोन दुपारी कर्नाटकातल्या आमच्या जोयड्याला इलेक्ट्रिशियनचा वर्ग. कामावर हात आपोआप चालायचा. वर्गात डोकं चालवावं लागायचं, तेही कन्नडमधून. रोज करतो ती जोडणी पेन्सिलीनं कागदावर काढताना मला घाम फुटायचा. मेस्त्रींना त्या वर्गाचं वावडं होतं. "शिकून काय येगळी वीज आनणार हायस?" असं म्हणायचे. मी आतून धुमसायचो.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी बाजारकुणंगकडच्या एका नव्या घराचं काम संपत आलं होतं. परीक्षा चुकली की वर्ष गेलं, आणि काम सांभाळून आणखी एक वर्ष ओढायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मेन स्विच चालू करायचा आणि सकाळची बस पकडायची, एवढंच ठरलं होतं.

पण आमच्याकडं नव्या घरात देवाला गाऱ्हाणं घालून सगळ्यांसाठी मागणं मागितल्याशिवाय दिवा लागत नाही. घरचे आजोबा नारळ घेऊन बोर्डासमोर उभे राहिले. ग्रामदेव झाला, सीमेवरचा राखणदार झाला, पूर्वज झाले, म्हशीसुद्धा झाल्या. प्रत्येक मागण्याला आम्ही सगळे "व्हय महाराजा" म्हणत होतो. आता नारळ फुटणार म्हणून मी स्विचकडं हात नेला, तेवढ्यात आजोबांची नजर माझ्यावर पडली. बिचाऱ्यांना माझी परीक्षा आठवली.

"आनि हे पोर आज परीक्षेला निगालंय. तेच्या वाटंत कसली आडकाठी येऊ देऊ नको. तेला गाडी येळेवर मिळू दे रे महाराजा!"

खाली वळणावर बसचा हॉर्न वाजला.

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो. गाऱ्हाणं चालू असताना मध्येच निघून जायची छाती आमच्यात कुणाचीच नाही. हॉर्न पुन्हा एकदा वाजला, मग इंजिनाचा आवाज झाडीत विरून गेला. मला आजोबांचा राग आला नाही. त्या ड्रायव्हरचा मात्र सणकून आला.

नारळ फुटला, मी स्विच चालू केला, घर उजळलं, बायका हसल्या. मला रडू येत होतं. कुणाला दिसू नये म्हणून पक्कड उचलली आणि ओसरीवरच्या राहिलेल्या दिव्याकडं वळलो. मेस्त्रींनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"गाडीवर बैस," म्हणाले आणि त्यांनी मोटरसायकलला किक मारली.

जोयडा येईपर्यंत त्यांनी गाडी खड्ड्यांतूनही तशीच दामटली. एरवी खड्डा दिसला तरी शिवी घालणारा माणूस! पोचलो तेव्हा पोरं अजून फाटकातून आत जात होती. उतरल्यावर माझ्यानं राहवलं नाही.

"अण्णा, तुमचीबी कवा आशी गाडी चुकली हुती काय?"

"न्हाई," ते हँडलकडं बघत म्हणाले. "मला मिळाली हुती. परीक्षेलाच निगालो हुतो. पायरीवर पाय ठेवला आनि खाली उतरलो."

"का?"

"माजा मेस्त्री काय म्हनंल, म्हनून. जा आता."