राणीच्या पंतप्रधानावर पाच मिनिटं

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवाच्या शनिवारी मुलांची वक्तृत्व स्पर्धा असे. विषय दर वर्षी तोच, 'एक थोर व्यक्ती'. वेळ पाच मिनिटं. गुण पन्नास: मजकुराला वीस, सादरीकरणाला वीस, भाषेला दहा. गुण मुलांच्या नावावर लागत, पण भाषणं आम्ही आईबाप लिहीत असू. मुलांना देवनागरी वाचता येत नसे. म्हणून मराठी भाषण इंग्रजी अक्षरांत टाइप करून द्यायचं आणि मुलांनी ते गाण्यासारखं पाठ करायचं. एखाद्या शब्दाचा अर्थ त्यांनी विचारला तर सांगायचा, नाही विचारला तर तेवढा वेळ वाचला. मला ओळखीच्या घरांत याला अपवाद माहीत नाही.

२००४ साली माझी मुलगी दुसऱ्या परिच्छेदानंतर अडकली. ती तेव्हा दहा वर्षांची होती. मी मोजलं, ती अकरा सेकंद गप्प उभी होती. परीक्षक काका माइकवर म्हणाले, "काय गं, घरी बाबा मराठी बोलतात की नुसतेच ड्राइव्ह करत असतात?" हॉल हसला. दोनशेच्या आसपास माणसं असतील. मीही हसलो. हसायला नको होतं हे हसतानाच कळत होतं. तिने आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती स्टेजवरून उतरली.

पुढच्या वर्षी ती नाव देणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मंडळाचा विषय निघाला की ती खोलीत निघून जायची. पण ऑगस्टमध्ये तिने लायब्ररीतून एक पातळसं चरित्र आणलं आणि म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट टू डू धिस गाय."

'धिस गाय' म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा एक पंतप्रधान. जन्म ज्यू घरात; बाप ज्यूंच्या देवळातल्या मंडळींशी भांडला आणि मुलाला बाराव्या वर्षी ख्रिस्ती करून मोकळा झाला. पुढे तो कादंबऱ्या लिहून राजकारणात शिरला आणि दोनदा पंतप्रधान झाला.

मी ते चरित्र दोन संध्याकाळी वाचलं. मग युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून दोन जाड पुस्तकं आणली आणि साल, घटना, पान अशा तीन रकान्यांचा कागद केला. कागद जसा भरत गेला तसा हा माणूस मला नकोसा होत गेला. चार निवडणुका हरला, त्यातही आधी एका बाजूची भाषा बोलून, नंतर दुसऱ्या बाजूची. स्वतःच्या पक्षप्रमुखाला पत्र लिहून पद मागितलं, आणि काही वर्षांनी भर सभागृहात सांगितलं की मी असं काही मागितलंच नव्हतं. धान्यावरची जकात उठवली म्हणून त्याच प्रमुखाला खाली खेचलं. स्वतःच्या हाती सत्ता आल्यावर जकातीचा आग्रह गुंडाळून ठेवला. लोक त्याच्या ज्यू असण्यावरून त्याची टर उडवत, ते हलकटपणाचं होतं आणि मी तसं कागदावर लिहूनही ठेवलं. माझा राग त्याच्या जन्मावर नव्हता, कामावर होता.

सगळ्यात मोठा राग शेवटच्या काही ओळींवर. राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब यानेच मिळवून दिला. त्या किताबाचा दिल्लीत दरबार भरला, त्याच हिवाळ्यात दख्खनमध्ये दुष्काळ होता. माझं घराणं सोलापूरकडचं. किती माणसं मेली याचे आकडे पुस्तकागणिक वेगळे, म्हणून मी नुसतं 'लाखो' लिहिलं. महिने मात्र दोन्ही पुस्तकांत जुळत होते.

मग मी भाषण लिहिलं. ४६० शब्द. त्यातले साडेतीनशे तरी त्याच्या विरोधात होते. मुलीने नऊ दिवसांत पाठ केलं, एकही अर्थ न विचारता. मला समाधान वाटलं.

स्पर्धेच्या आधीच्या बुधवारी शेजारच्या काकू आल्या. नागपूरच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. मुलीने त्यांना हातवाऱ्यांसकट सगळं म्हणून दाखवलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "छान गं! पण या माणसाने तुझं एवढं काय वाकडं केलं? नुसतं झोडपलंस की त्याला!"

मुलगी गोंधळली. "नो काकू, ही इज माय फेवरिट."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप उचलून आत गेलो.

त्या गेल्यावर मुलीने टाइप केलेले कागद माझ्यासमोर ठेवले. "यू मेड मी से मीन थिंग्ज. आणि मला कळलं पण नाही. मी नाही जाणार शनिवारी."

"त्यात एक वाक्य खोटं दाखव," मी म्हणालो.

"अहो, खोटं नसेल," बायको म्हणाली, "पण तिचं कुठे आहे? ऑफिसात दुसऱ्याच्या रिपोर्टात तुमचं मत असं घुसवाल का?"

ऑफिसात माझं काम दुसऱ्यांच्या रिपोर्टांतल्या चुका शोधण्याचं. मी मुलीला विचारलं, "जगात एवढी माणसं असताना हाच का?"

"बिकॉज फर्स्ट स्पीचला सगळे हसले त्याला. एवढे हसले की बसावं लागलं. आणि त्याच्या साइडचे लोक पण—" ती थांबली. माझ्याकडे पाहून ती खोलीत निघून गेली.

गुरुवारी आम्ही पुन्हा बसलो. ती इंग्रजीत एक वाक्य सांगायची, मी ते तिला रोज ऐकू येणाऱ्या मराठीत करायचो, ती अर्थ परत सांगायची. चुकीचा सांगितला तर वाक्य बदलायचं. दुष्काळाचं एक वाक्य राहील, ही माझी अट होती. "वन," ती म्हणाली. "मी मोजणार." २१२ शब्द झाले. पाच मिनिटांच्या स्पर्धेत हे फार कमी पडतील असं मी म्हणालो.

शनिवारी परीक्षक तेच काका. मुलगी स्टेजवर गेली. ती दोन मिनिटं चाळीस सेकंद बोलली. मध्ये एकदा थांबली, चार सेकंद, आणि पुढचं वाक्य तिला सापडलं. दुष्काळाचं वाक्य शेवटून दुसरं होतं. तिने ते जसंच्या तसं म्हटलं.

काका माइक घेऊन पुढे झाले. "अगं, पण हा तर आपल्यावर राज्य करणाऱ्यांचा पुढारी. याला थोर म्हणायचं? की थोर माणसं संपली आपल्याकडची?"

हॉलमध्ये हशा झाला. मी खुर्चीचे दांडे धरले.

"थोर नाहीये तो," ती म्हणाली. "बाबा म्हणतात तो वाईट होता. बाबांकडे लिस्ट आहे." पुन्हा हशा. तो संपेपर्यंत ती थांबली. "पण सगळे हसले तेव्हा तो बसला आणि मग परत उठला. लास्ट इयर मी बसले होते." एवढं बोलून नमस्कार करून ती खाली आली.

तिला पन्नासपैकी एकोणतीस मिळाले, भाषेचे दहापैकी तीन. ज्या मुलाने एकही शब्द न समजता पाच मिनिटं धडाधड म्हटलं त्याला नऊ. मी काकांना जाऊन विचारणार होतो, बायकोने बाही धरली. त्या पंतप्रधानाबद्दलचं माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. तो तीन रकान्यांचा कागदही मी ठेवला आहे.

गाडीत बसल्यावर मागून आवाज आला. "बाबा, काकांनी जोक केला तेव्हा तू हसलास?"

"नाही."

"माहितीये," ती म्हणाली. "आय चेक्ड."